खालून की वरून

"पिवळं खालून चढत आलंय का वरून उतरत आलंय?"

एवढाच प्रश्न होता. गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट, दसरा होऊन गेला होता, परतीचा पाऊस एकदाचा थांबला होता आणि आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजी डाळ-तांदळाला ऊन दाखवायला गच्चीवर आल्या होत्या. मी टोमॅटोच्या बादलीपाशी उकिडवी बसले होते. सहातलं एक रोप आठ-दहा दिवसांपासून पिवळं पडत चाललं होतं आणि मी हात धुऊन त्याच्या मागे लागले होते. अंड्याच्या टरफलांचं पाणी घालून झालं, केळ्याच्या सालींचं झालं, आंबट ताक पातळ करून झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून इप्सम सॉल्ट झालं, निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात फेटून दोनदा फवारून झालं. रोप काही ऐकेना. मी म्हटलं, आजी, हे रोप जातंय हो माझं. त्यांनी तांदळाची परात कठड्यालगत ठेवली, काठी टेकत टेकत माझ्या आवाजाच्या दिशेनं आल्या आणि म्हणाल्या, "मला आता धड दिसत नाही बाई, तू सांग. पिवळं खालून चढत आलंय का वरून उतरत आलंय?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगताच येईना.

रोप हातभर अंतरावर होतं. मी परत वाकून बघितलं आणि मग सांगितलं की खालून, पण ते विचारल्यावर बघून सांगितलेलं. त्याआधीचे दहा दिवस मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या रोपासमोर उभी राहत होते, फोटोसुद्धा काढत होते, आणि तरी मला हे माहीत नव्हतं. मग त्यांनी पुढचं विचारलं, शिरा हिरव्या राहिल्यात का त्यासुद्धा पिवळ्या पडल्यात, डाग आहेत का, डागात कडी आहे का, दुपारी मान टाकतं का आणि संध्याकाळी परत उचलतं का. एकाही प्रश्नाला मला न बघता उत्तर देता आलं नाही. आजींच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच दिसत नव्हतं म्हणून त्या विचारत होत्या, आणि म्हणूनच ते माझ्या फार जिव्हारी लागलं. रात्री भांडी आवरताना, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना, मला सारखं वाटत राहिलं की डोळे माझे चांगले आहेत आणि बघतायत त्या.

आजींना काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय, मधलं थोडं राहिलंय, त्या म्हणतात की दाराच्या फटीतून बघावं तसं दिसतं. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं, म्हणून रोज थेंब घालतात, चुकवत नाहीत. माहेर सासवडच्या बाजूचं, लहानपण अंजिराच्या बागेत आणि वाटाण्याच्या शेतात गेलेलं. लग्न होऊन पुण्यात आल्या त्याला साठ वर्षं झाली, तेव्हापासून दोन खोल्या आणि एक गॅलरी, पण बोटांना अजून सगळं आठवतं. त्या दिवशी त्यांनी वाकून बादलीतल्या मातीत तर्जनी दोन पेरं आत घातली, बाहेर काढली, अंगठ्याशी चोळली आणि नाकाशी नेली. मग ते बोट माझ्या नाकाशी धरलं. आंबूस वास येत होता, साठलेल्या पाण्याचा, मोरीचं जाळीचं झाकण उचलल्यावर येतो ना तसा. म्हणाल्या, "अगं हे उपाशी नाहीये. हे बुडतंय."

मला अजूनही त्या वाक्याचं वाईट वाटतं. कारण ते पिवळं पडायला लागलं तसं मी पाणी वाढवलं होतं, वर ती सगळी टरफलांची न् सालींची पाणी. पावसात बादलीच्या बुडाची भोकं मातीच्या गाळानं बुजली होती आणि मी वरून ओततच होते. मुळांना हवा लागते हे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण हातात झारी असली की ते आठवत नाही. पाण्यात बुडालेलं मूळ कुजतं, कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून भर ओल्या मातीत रोप तहानल्यासारखं मान टाकतं, आणि आपण म्हणतो अरेरे, सुकलं, अजून एक मग घाला.

मग आजींनी मला बसवून शिकवलं, त्यांच्या भाषेत. सगळं पान सारखं पिवळं पडत खालून वर येत असेल आणि माती ठीक असेल तर रोपाला नत्र कमी पडतंय. म्हणजे नत्र हा शब्द माझा, त्या म्हणाल्या रोपाला खायला नाही. जुन्या पानातलं काढून ते कोवळ्या पानाला देतं. "घरात कमी पडलं की म्हातारी माणसं आपल्या ताटातलं पोराला वाढतात, तसंच." जुन्याच पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असं झालं तर मॅग्नेशियम कमी, तेही रोपाला खालून वर नेता येतं. पण लोह एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही, म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. ही मॅग्नेशियम-लोहाची नावं मी नंतर वाचून काढली, आजींना फक्त खालून आणि वरून माहीत होतं. पण त्या दोन शब्दांत अर्धं निदान होतं. खालच्या पानांवर तपकिरी डाग आणि डागात गोलात गोल, कापलेल्या लाकडावर दिसतात तशी वर्तुळं, तर तो करपा, ओलीनं येतो, ती पानं कात्रीनं काढून लांब टाकायची, कंपोस्टमध्ये नाही. आणि रोप हिरवंगार असताना एका दुपारी अचानक सगळंच्या सगळं कोमेजलं तर मर रोग. त्याचं खोड कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात नुसतं बुडवून धरायचं, मर जिवाणूची असेल तर कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसते. तसं दिसलं तर रोप वाचत नाही आणि ती मातीसुद्धा टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांना परत वापरायची नाही, सगळी एकाच कुळातली.

माझ्या रोपाला यातलं काही झालं नव्हतं. ते फक्त बुडत होतं.

बादली आडवी करून मी ते बाहेर काढलं. खालची मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत दोऱ्याएवढी बारीक शीर राहायची. वरची थोडी मुळं मात्र पांढरी होती, तेवढ्यावर ते जगत होतं. कुजलेली सगळी कापली, गरम सळईनं बादलीला बुडाशी आणि बाजूनं नवी भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे, वर कोरडी माती, कोकोपीट आणि जुनं शेणखत. टोमॅटोच्या खोडावर बारीक बारीक पुटकुळ्या असतात, हात फिरवला की लागतात, त्या मातीखाली गेल्या की त्यांची मुळं होतात. म्हणून खालची पानं काढून मी ते रोप पहिल्यापेक्षा वीतभर खोल लावलं. आजी शेजारी स्टुलावर बसून मला सांगत होत्या, दाबू नको, फक्त टेकव. बगलेतला एक चांगला फुटवा निघाला तो त्यांनी फेकू दिला नाही, पाण्याच्या ग्लासात ठेवायला खाली घेऊन गेल्या. मग रोप चार दिवस सावलीत. पहिले तीन-चार दिवस काहीच झालं नाही, आणि काही न करता नुसतं थांबणं मला त्या सगळ्या फवारण्यांपेक्षा जड गेलं. बाराव्या दिवशी शेंड्यात पोपटी, लोकरीसारखी लव असलेलं एक पान उलगडलं. मी जिना उतरून आजींना सांगायला गेले तेव्हा मला धाप लागली होती.

टोमॅटोच्या रोपाला हात लावून आलं की बोटं हिरवट काळी होतात आणि साबण लावला की फेस पिवळा येतो. तो वास मला फार जुना आहे. माझं आजोळ नारायणगावजवळचं, मामाचा टोमॅटो, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तारकाठीच्या ओळींमधून पळायचो आणि घरी आल्यावर मामी आधी हात बघायची. मामाच्या बागेतली माझी पक्की आठवण म्हणजे निळा ड्रम. मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, एका बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत, मग दोन्ही ड्रममध्ये एकत्र, शंभर लिटर पाण्याला एक किलो हे एक किलो ते, आणि ते आकाशी रंगाचं दाट पाणी काठीनं ढवळत राहायचं. त्याचा शर्ट, चप्पल, हाताची नखं, सगळ्यावर तो निळा. फवारायच्या आधी मामा विळ्याचं पातं त्यात बुडवून धरायचा, काढून उन्हात बघायचा. पात्यावर तांबूस चढलं तर अजून चुना पाहिजे, नाहीतर पानं जळतील. आम्ही पोरं श्वास रोखून त्या पात्याकडे बघायचो. एवढी मोठी बाग आणि सगळं त्या विळ्याच्या टोकावर ठरायचं.

आणि रोजची चक्कर. सकाळी चहाच्या आधी मामा बागेतून एक चक्कर मारायचा, हात मागे बांधून, काही न करता. मला लहानपणी वाटायचं हा नुसता फिरतोय. मध्येच एखाद्या रोपापाशी थांबायचा, पान उलटून बघायचा, पुढे जायचा. कधी एखादं रोप मुळासकट उपटायचा, रिकाम्या खताच्या गोणीत घालायचा आणि गोणीचं तोंड वळून बांधून टाकायचा, बांधावर फेकायचा नाही. चांगलं हिरवं दिसणारं रोप का उपटतो म्हणून मी एकदा रडले होते. तो म्हणाला होता, ह्याला घरी नेऊन औषध देता येत नाही बाळा. कामावरच्या माणसांनाही त्याची एक ताकीद असायची, तंबाखू मळलेल्या हातानं रोपाला हात लावायचा नाही, आधी धुऊन या. मला ती मालकाची शिस्त वाटायची. तंबाखूच्या पानावरचा मोझॅक, म्हणजे पानावर चट्टे पाडणारा विषाणूरोग, टोमॅटोलाही लागतो आणि तो हातावरूनसुद्धा पसरतो हे खूप नंतर कळलं.

२०२० च्या उन्हाळ्यात, लॉकडाऊनमध्ये, त्या भागातल्या बागांवर तो रोग आला ज्याला लोक तिरंगा म्हणायला लागले. फळ पिकेना, एकाच टोमॅटोवर लाल, पिवळे, हिरवट चट्टे, आतून कडक. नमुने बंगळुरूला गेले आणि काकडीवर येणाऱ्या मोझॅकचा विषाणू त्यात सापडला. तो विषाणू झाडांचा, माणसाला लागत नाही, पण दिवसच असे होते की व्हायरस हा शब्द ऐकला की लोक दचकायचे, आणि टीव्हीवरही भलतंसलतं बोललं गेलं. मामा फोनवर एवढंच म्हणाला, यंदा चक्कर मारायला जात नाही, बघवत नाही. रोज पहाटे बागेत जाणारा माणूस. त्याच्या आवाजातला तो थकवा मला विसरता येत नाही. भाव पडला म्हणून क्रेट रस्त्यावर ओतलेलेही त्यानं बघितलेत, पण तेव्हा तो चिडायचा, बोलायचा. या वेळी नुसता गप्प होता.

२०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला तेव्हा मंडईत एक बाई भाव विचारून दोनच टोमॅटो हातात घेऊन उभ्या राहिलेल्या मी बघितल्या. त्याच आठवड्यात मी पहिली बी पेरली. पैसे वाचवायला म्हणून नाही, हिशोब केला तर माती, बादल्या आणि शेणखत यांचाच खर्च जास्त. मला मामाची बाग हवी होती, सहा बादल्यांत का होईना.

डिसेंबरमध्ये फळं धरली. सकाळी उन्हं वर आली की एक गुबगुबीत माशी यायची, पोटावर निळे पट्टे, फुलाला उलटी लटकून अंग थरथरवायची आणि तिचा आवाज एकदम बारीक टिपेला जायचा. टोमॅटोच्या फुलातला पराग असा हलवल्याशिवाय नीट सुटत नाही. मला ती दिसायच्या आधी आजींना ऐकू यायची, "आली बघ तुझी पाहुणी." ज्या दिवशी ती यायची नाही त्या दिवशी मी फुलांच्या देठाला हलकेच टिचकी मारायचे.

पण पहिल्याच घोसातल्या फळांची बुडं काळी पडायला लागली. लिंबाएवढा हिरवा टोमॅटो, वरून चकचकीत, आणि खाली रुपयाएवढा काळा चट्टा. या वेळी मी आजींना काही विचारायच्या आधी तीन दिवस नुसतं बघितलं आणि वहीत लिहिलं. कुठल्या बादल्या, कितवं फळ, चट्टा ओला का कोरडा. मग एक फळ तोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला. "चामड्यासारखं लागतंय, मऊ नाही. अळीनं खाल्लेलं नाही. पाणी कसं घालतेस?" आणि ते विचारल्याबरोबर मला स्वतःलाच उत्तर दिसलं. त्या महिन्यात दुरुस्तीसाठी दोनदा गुरुवारी पाणी बंद होतं, शुक्रवारी कमी दाबानं उशिरा आलं ते घरातच पुरलं नाही, गच्चीवर कुठून चढवणार, आणि शनिवारी सुट्टी म्हणून मी बादल्या भरभरून पाणी घातलं होतं. कोरडं ठणठणीत, मग चिखल, परत कोरडं. फळाच्या बुडाला कॅल्शियम लागतं आणि ते फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, तोही प्रवाह जास्त ओढतात ती पानं, फळाच्या वाट्याला थोडंच येतं. पाणी तुटलं की पहिला फटका त्या शेवटच्या टोकाला, फळाच्या बुडाला. मातीत कॅल्शियम कितीही असलं तरी. म्हणजे मी जी अंड्याची टरफलं घालत होते ती कुजून मातीला लागायला कितीतरी महिने जाणार होते, आणि खरं काम होतं बुधवारी रात्री दोन बादल्या पाणी गच्चीवर भरून ठेवणं.

मग तेच केलं. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली, दोन दिवस कडक उन्हात वाळवली, नाहीतर मुंग्या लागतात, आणि सोसायटीतल्या बदामाच्या पाचोळ्याबरोबर बादल्यांवर चांगला चार बोटं थर दिला. थराखाली बोट घातलं की दुपारीसुद्धा गार लागायचं. काळी पडलेली फळं सुधारली नाहीत, ती तोडली, तेवढा भाग काढून त्यांची हिरव्या टोमॅटोची चटणी केली, तीळ आणि दाण्याचं कूट घालून. पुढच्या घोसाला एकही चट्टा नव्हता. संक्रांतीच्या आसपास आमच्याकडे दोनदा घरच्या टोमॅटोचं सार झालं, आणि आजींना वाटी नेऊन दिली तेव्हा त्यांनी आधी नुसता वास घेतला आणि बराच वेळ घेतला.

फेब्रुवारीचं मला लिहावंसं वाटत नाही, पण ते टाळून पुढे जाता येणार नाही.

थंडी ओसरली, तळजईच्या टेकडीकडून येणारा वारा दुपारी कोरडा आणि गरम व्हायला लागला, आणि एका रोपाची शेंड्याची पानं कडांनी वर वळून वाटीसारखी झाली. बारकी, जाडसर, गर्दी करून बसलेली. रोप हलवलं की पानांच्या खालून भाजलेल्या रव्याएवढे पांढरे कण उडायचे आणि परत बसायचे. आजींनी पान दोन बोटांत धरलं, चुरल्यासारखं केलं, कुरकुरीत आवाज आला. त्यांनी लगेच हात काढून घेतला. "उपट. आजच."

ते तेच रोप होतं. ऑक्टोबरमध्ये बुडता बुडता काढलेलं.

मी नाही उपटलं. मला माहीत होतं की ते उडणारे कण म्हणजे पांढरी माशी, पानं अशी वळवणारा विषाणू ती एका रोपावरून दुसऱ्यावर नेते, एकदा लागला की त्यावर औषध नाही, माशी आवरता येते पण आत गेलेला रोग नाही. वाचलं होतं, मामानं गोणी बांधताना डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मी पिवळे चिकट कागद आणून लावले, दर चार दिवसांनी निंबोळी तेल मारलं, वळलेले शेंडे खुडले, ते रोप कोपऱ्यात एकटं नेऊन ठेवलं, म्हणजे कोपरा कसला, इतरांपासून दहा पावलं, माशीला दहा पावलं म्हणजे काय. आजींना सांगितलं उपटते उद्या. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. त्या बाईंना दिसत नाही याचा मी फायदा घेतला, हे लिहिताना आता हात थांबतोय पण ते तसंच आहे. पंधरा दिवसांत अजून दोन रोपांची पानं वळली, महिनाअखेर चौथं. एका रोपाच्या मायेपायी तीन चांगली रोपं गेली, त्यातलं एक तर फुलांनी भरलेलं होतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी लवकर, गारव्यात माशा सुस्त असताना, मी चारही काढली. आधी रोपावर वरून मोठी प्लास्टिकची पिशवी घातली, म्हणजे माशा उडून उरलेल्या दोनवर जाणार नाहीत, खाली तोंड बांधलं आणि मग मुळासकट उपटलं. कोपऱ्यातलं सगळ्यात शेवटी. ते निघता निघेना. जोर लावून ओढलं तेव्हा मातीचा अख्खा गोळा वर आला आणि मी बघत राहिले. मुळं पांढरीशुभ्र होती. बादलीच्या कडेकडेनं गोल फिरलेली, दाट, निरोगी, ओल्या मातीचा तो गोडसर वास. ऑक्टोबरमध्ये ज्या तपकिरी घाणीतून मी त्याला काढलं होतं त्याचा मागमूस नव्हता. त्या वेळी केलेलं सगळं बरोबर होतं, ते सगळं त्याला लागू पडलं होतं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. मी तिथेच गच्चीवर खाली बसून रडले. मामाला फोन लावला. तो ऐकून घेऊन म्हणाला, किती दिवस ठेवलंस? मी सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मी पण पहिल्या वर्षी ठेवलं होतं.

खाली जाऊन आजींना खरं सांगितलं, सगळं, उपटल्याचं खोटं बोलले होते तेही. त्या देवापुढच्या फुलवाती वळत बसल्या होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "माहीत होतं. तुझ्या अंगाला रोज निंबोळीचा वास येत होता, मग फवारत कशावर होतीस?" आणि उठून गॅलरीचं दार उघडलं. ऑक्टोबरमधला तो फुटवा, ग्लासात आठवड्याभरात मुळं फुटलेला, त्यांनी तेलाच्या कापलेल्या डब्यात लावला होता आणि मी मधल्या काळात त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. गॅलरीत ऊन दोन तास येतं जेमतेम, त्यामुळे रोप किडकिडीत, उंच, चारच फळं, ती पण बोराएवढी. पण पानं सपाट होती, सगळी. पहिल्या मजल्यावरपर्यंत त्या माशा उतरल्या नव्हत्या. मी प्रत्येक पान उलटून बघितलं, आजी दारात उभ्या राहून वाट बघत होत्या, आणि मग मी सांगितलं, आजी, एकही नाही.

या वर्षी बी ऑगस्टच्या शेवटी टाकली. रोपवाटिकेतून आणायच्याऐवजी घरीच ट्रेमध्ये केली आणि वर जुन्या मच्छरदाणीचं कापड बांधलं, माशी कोवळ्या रोपालाच आधी गाठते म्हणून. बादल्यांच्या मधे झेंडू लावलाय. माती नवी आहे, जुनी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला दिली. सहाच रोपं आहेत, परत. आजी आता गच्चीवर एकट्या येत नाहीत, मधलं जे थोडं दिसायचं तेही कमी झालंय, मी ऑफिसला जायच्या आधी त्यांचा हात धरून वर आणते, स्टुलावर बसवते आणि पहिल्या बादलीपासून सांगायला सुरुवात करते.

आज सकाळी तिसऱ्या बादलीपाशी होतो. मी सांगत होते, बुडाशी दोन पानं जुनी आहेत, कडा थोड्या वाळल्यात पण पिवळी नाहीत, तिसऱ्या पानावर नागअळीची एक पांढरी रेघ आहे, नखाएवढी, अळी टोकाला आहे, चिरडते. चौथं चांगलं. पाचव्याच्या बगलेत फुटवा आलाय बोटाएवढा, ठेवू का काढू? शेंडा पोपटी, लव आहे, पानं सपाट, खाली पांढरं काही नाही, दोनदा बघितलं. आजी डोळे मिटून ऐकत होत्या.

"आणि खोड?" त्या म्हणाल्या. "खोडाला हात लावून सांग."